नास्तिकाचं गाऱ्हाणं

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिमये यांचा घोटा माझ्या गाऱ्हाण्यामुळे मुरगळला, असं कोलशेतच्या आमच्या टॉवरमध्ये सर्वमान्य झालेलं आहे. मी स्वतः नास्तिक आहे.

नास्तिक म्हणजे अगदी जाहीर. कॉलेजात असताना देवाला हात जोडणं सोडलं (परीक्षेचे दिवस धरायचे नाहीत), लग्न रजिस्टर केलं, आणि मुलगी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन पहिलं वाक्य ऐकवलं, "पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही." ती तेव्हा झोपली होती. पण पुढे ईराने हे इतकं मनावर घेतलं, की आता पंधराव्या वर्षी ती माझ्याच प्रत्येक वाक्याचा पुरावा मागते. लिमयेही माझ्याच पंथाचे. सकाळी खाडीच्या बाजूला चालता चालता आम्ही दोघं जगातल्या यच्चयावत अंधश्रद्धा संपवायचो आणि चहाला घरी परतायचो. क्लबहाउसमधली सत्यनारायणाची पूजा आम्हीच बंद पाडली. (शिऱ्याचं दोघांनाही वाईट वाटलं, पण ते आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.) आमच्यात मतभेद एकच, पार्किंगचा. त्यांची गाडी रोज हातभर माझ्या जागेत घुसलेली असायची.

सगळं सुरू झालं आईवरून. आई डोंबिवलीच्या जुन्या घरात एकटी राहत होती आणि ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. एकेक बिऱ्हाड उठलं. जिन्यातले दिवे गेले, पाणी दिवसाआड येऊ लागलं. तिच्या मजल्यावर शेवटी आई आणि एक मांजर एवढंच उरलं. मला सारखी धास्ती, की ही अंधारात पडली तर हाक मारायलाही कोणी नाही. आमच्याकडे तिच्यासाठी खोली तयार होती. आई यायलाही तयार होती. फक्त एक अट होती.

"जागेक गाऱ्हाणा घातल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवचंय नाय."

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्याकडे नव्या जागेत राहायला जायचं तर त्या जागेच्या राखणदाराला नारळ-विडा ठेवून रीतसर सांगावं लागतं, की बाबा रे, आम्ही आलोय, सांभाळून घे. हे सांगणं म्हणजे गाऱ्हाणं. ते घरच्या कर्त्या पुरुषाने घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबा होते तेव्हा डोंबिवलीत दरवर्षी ते घालायचे. सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" ओरडणाऱ्याला खोबऱ्याचा मोठा तुकडा मिळायचा. तो तुकडा लहानपणी मी कोणाला मिळू दिलेला नाही.

"आई, हा अठ्ठावीस मजली टॉवर आहे. इथे कसला राखणदार? खाली सिक्युरिटी आहे की."

"तो झोपता," आई म्हणाली.

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण तो खरंच झोपतो.

शेवटी मी मनाची समजूत घातली, की ही आईची भावनिक गरज आहे. माझं मन मोठं आहे. (नास्तिकाला असं अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं.) बुधवारी सकाळी अकराची वेळ ठरवली, म्हणजे सगळे ऑफिसात गेलेले असतात. कंपाउंडच्या भिंतीपाशी एक उंबर होता, तोडायची परवानगी न मिळाल्यामुळे बिल्डरने ठेवलेला. आईने तीच जागा पसंत केली. बायको, स्मिता, ऑफिसात होती. ईरा सुट्टी असल्यामुळे हजर होती, हाताची घडी घालून. बाजूच्या फ्लॅटमधले सोनवणे घरून काम करतात, तेही चहाचा कप घेऊन खाली आले.

"सोनवणे, तुमचं काही नाही यात," मी ओशाळून म्हणालो.

"माहितीये. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी देव घराबाहेर काढले, तेव्हापासून घरात कोणाला त्यांची आठवणही झाली नाही," सोनवणे म्हणाले. "मी फक्त बघायला आलोय. तुम्ही पहिल्या पिढीतले नास्तिक. रंग अजून ओला असेल."

मी नारळ ठेवला, विडा ठेवला आणि सुरुवात केली. "हे निसर्गशक्ती, सदर ठिकाणी आम्ही नव्याने वास्तव्यास आलो असून, आपल्या सहकार्याची अपेक्षा..."

"ह्या गाऱ्हाणा की बँकेचो अर्ज?" आईने विचारलं. "नीट घाल. तुझो बापूस घालायचो तसा."

मी डोळे मिटले. फक्त सुरुवातीचे शब्द बाबांसारखे म्हणायचे, एवढंच ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि आतून बाबांचाच आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कोलशेतच्या जागेत जो कोण राखणदार असशील, तुका ह्यो नारळ-विडो ठेवलेलो असा, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"चुकला-माकला पदरात घे, पोराबाळांची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज पुरुषाचा होता. वॉचमन जागा झाला होता. तो देवगडचा आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

इथे थांबायला हवं होतं. पण तीस वर्षं दाबून ठेवलेलं गाऱ्हाणं एकदा सुटल्यावर थांबतं कुठे? मी गाऱ्हाण्यात पाण्याचं प्रेशर घातलं. टँकरवाल्याला घातलं. बंद पडणाऱ्या लिफ्टला घातलं. कामवाल्या बायका जमल्या, डिलिव्हरीवाले थांबले, आणि पाण्याच्या वाक्याला तर खुद्द सोनवण्यांनी कप वर करून "हे मात्र बरोबर आहे" असा पाठिंबा दिला. आयुष्यात माझ्या कुठल्याही भाषणाला एवढा प्रतिसाद मिळालेला नाही! त्या भरात मी पुन्हा डोळे मिटून, हात वर करून गरजलो,

"आणि जो कोण आमच्या पार्किंगात वाकडी गाडी घालता, त्येचा चाक जाग्यार रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा जमाव ओरडला.

डोळे उघडले तर समोर लिमये उभे होते. हातात गाडीची किल्ली.

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात आमचे सगळे सकाळचे फेरफटके वाया गेले. ते तसेच पार्किंगकडे गेले. गाडी चालू झाली नाही. दुपारी ती टोइंगच्या गाडीवर चढून गॅरेजात गेली. दुसऱ्या दिवशी रिक्षातून उतरताना लिमयांचा पाय वाकडा पडला आणि घोटा टम्म सुजला. चाक तर जाग्यावर राहिलंच, मालकही राहिला.

आता, बॅटरी जुनी असते. रिक्षा खड्ड्यात उभी असते. हे मी लिफ्टमध्ये, लॉबीत, भाजीच्या टेम्पोपाशी, सगळ्यांना समजावून सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि हळूच विचारायचे, "आमच्या भाडेकरूचं काही करता येईल का?"

खरा घाव मात्र त्याच बुधवारी, गाऱ्हाणं संपल्या संपल्या आईने घातला होता. तिची बॅग लॉबीतच होती. तिने ती उचलली.

"गाऱ्हाण्यात वैऱ्याचासुदा बरा मागूचा असता. तुझ्या बापाशीन जलमात कोणाचा वायट मागूक नाय. शेजाऱ्याचा वायट मागून मी घरात दिवो लावचंय नाय. ह्या मागे घे, मगच माका बोलव."

आणि आई परत त्या रिकाम्या बिल्डिंगमध्ये राहायला गेली.

मी कात्रीत सापडलो. गाऱ्हाणं मागे घ्यावं, तर ते लागलं होतं असं कबूल केल्यासारखं. न घ्यावं, तर आई तिकडे काळोख्या जिन्यात. दोन दिवस मी तत्त्वाला धरून राहिलो. तिसऱ्या दिवशी फोनवर आई सहज म्हणाली, "मांजरय गेला काल." मी गाडीची किल्ली उचलली. म्हटलं, चुलीत गेलं तत्त्व.

डोंबिवलीला निघालो तर ईरा बरोबर आली, आणि लिफ्टच्या दारात काठी टेकून लिमये उभे.

"परब, मीही येतो. मातोश्रींसमोरच काय तो निकाल लागू दे."

"लिमये, तुमचा यावर विश्वास नाही."

"अजिबात नाही," लिमये म्हणाले. "पण काल स्वयंपाकघरात पुन्हा पाय घसरला. तुम्ही ते मागे घ्याच."

रस्ताभर दोन नास्तिक शेजारी शेजारी बसून पुढच्या गाड्यांचे नंबर वाचत होते. कल्याण फाट्याच्या गर्दीत अडकलो तेव्हा लिमये एकदाच बोलले. त्यांच्या आजीने त्यांना लहानपणी सांगितलं होतं, की कोणाचा तळतळाट घेऊ नये. "मूर्खपणा आहे," ते म्हणाले आणि सीटबेल्ट पुन्हा तपासला.

आईने आम्हाला चहा दिला. लिमयांना पाय वर ठेवायला स्टूल दिलं. लिमयांनी मोठ्या मनाने कबूल केलं, की गाडी थोडी वाकडी लागत असे. मीही माफी मागितली. सगळं कसं सुसंस्कृत चाललं होतं.

"झालं ना मग?" ईरा म्हणाली. "बाबा, तू म्हणतोस की गाऱ्हाण्याने काहीच होत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग ते मागे घेतल्यानेही काही होणार नाही. तू फक्त 'मागे घेतलं' म्हण, आजी बॅग उचलेल, आपण घरी जाऊ. लॉजिकली काहीच प्रॉब्लेम नाही."

मुद्दा बिनतोड होता. एवढी तर्कशुद्ध मुलगी आपण वाढवली, याचा मला मनापासून अभिमान वाटला. मी "मागे घेतलं" म्हणायला तोंड उघडलं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं,

"असं नुसतं तोंडी मागे घेता येत नाही, ईरा. त्याला कोंबडा लागतो."

ईरा माझ्याकडे बघतच राहिली. आई मात्र उठली. तिने देव्हाऱ्याशेजारचा बाबांचा फोटो पदराने पुसला, बॅगेत साड्यांच्या मध्ये नीट ठेवला आणि चेन लावली. "चल," ती म्हणाली. "आता तुझ्या घराक येतंय." मला एकदम खूप बरं वाटलं, आणि ते का वाटलं याचा मी विचार केला नाही.

लिमये मात्र स्टुलावरचा पाय काढायला तयार नव्हते. त्यांच्या घरात सात पिढ्यांत अंडंसुद्धा आलेलं नाही. आई आत गेल्याची खात्री करून ते हळूच म्हणाले, "परब, मग... ब्रॉयलर चालेल का?"

माझं डोकंच फिरलं.

"लिमये," मी म्हणालो, "देवाच्या कामात ब्रॉयलर? गावठीच लागतो!"