कॉलेज सोडण्याचं कारण

"बाई, ते पान आधी बंद करा!"

"न्हाई करत."

"परवा विद्यापीठाची समिती येतेय. हे त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं?"

"मंग ही माहिती गोळा कशाला केली सर? समितीला नुसते पोहे खाऊ घालून पाठवायचं का?"

प्राचार्य काळे सर टेबलाच्या पलीकडे उभे, भूगोलाचे जाधव सर दाराशी, आणि मी काँप्युटरसमोर बसलेली. काही झालं तरी उठायचं नाही असं ठरवूनच बसले होते. भांडणात खुर्ची सोडली की माणूस अर्धा हरतो!

हे भांडण राहू द्या तिथंच थोडा वेळ. ते काही इतक्यात थंड होणारं नव्हतं. आधीचं कळल्याशिवाय त्यातली मजा यायची नाही.

भोकरदन तालुक्यातल्या त्या कॉलेजात मी एक्क्याऐंशी साली टायपिस्ट म्हणून लागले आणि डेटाबेस बांधून निवृत्त झाले. लोकांची माहिती गोळा करणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. माणूस तोंडानं जे लपवतो ते फॉर्मच्या चौकटीत हमखास सांडतं. पुसता पुसता माझ्याकडे एवढे साचलेत की घरचे म्हणतात, आता बास!

*

विद्यापीठ दरवर्षी आकडे मागायचं. मुली किती, पास किती, मधेच सोडून गेले किती. सगळं ऑफिस रजिस्टरं उपसत बसायचं. म्हणून औरंगाबादहून एक इंजिनिअर बोलावला. एका मशीनवर सगळी माहिती ठेवायची, आणि प्रत्येक विभागानं आपल्या टेबलावरून ब्राउझरमध्ये ती उघडायची, भरायची, अशी त्याची योजना. योजना फक्कड होती. कोटेशन बघून तेव्हाच्या प्राचार्यांनी पाणी मागितलं!

तो सामान आवरू लागला तेव्हा मी म्हटलं, "कसं बांधतात ते मला दाखव."

"मावशी, हे तुमच्या आवाक्यातलं नाही."

"पुस्तक ठेवून जा. आवाका माझा मी बघते."

ठेवून गेला बिचारा. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते पुस्तक वाचलं, चुकत चुकत बांधलं, पाडलं, परत बांधलं. पुढं त्याचाच दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजातून फोन. "मॅडम, डेटाबेसातली दोन टेबलं जोडली की प्रत्येक पोराचं नाव डबल येतंय. काय करू?"

मावशीची मॅडम झाले!

*

ज्या मशीनवर सगळी माहिती होती तो सर्व्हर एका लहान खोलीत ठेवला होता. आमचे शिपाई रऊफभाई रोज दुपारी तो बंद करायचे. इकडं प्राध्यापक मार्क भरताहेत आणि तिकडं सर्व्हर गारद!

"रऊफभाई, का बंद करून राह्यला?"

"साहेबांचा हुकूम आहे ना मॅडम. खोलीत कोणी न्हाई तर बटन बंद. बिजलीचा खर्चा!"

हुकूम म्हणजे हुकूम. समजावण्यात वेळ घालवला नाही. पेंटरकडून पाटी रंगवून दारावर ठोकली: 'श्री. सर्व्हर'.

त्या दिवसापासून रऊफभाईंनी बटनाला हात लावला नाही. उलट जाता-येता दार हळूच लोटून घ्यायचे. एकदा जाधव सर त्या खोलीत मोठ्यानं बोलत शिरले, तर रऊफभाई म्हणाले, "आहिस्ता सर, साहेब कामात आहेत!"

*

काळे सर पुण्याकडचे. नवीन आले तेव्हा विद्यार्थ्यांच्या जन्मतारखांचा आलेख मागवला. मी पान उघडून दिलं. सगळीकडं सपाट जमीन आणि जूनच्या पहिल्या तारखेला मनोरा!

"बाई, प्रोग्राम बिघडलाय."

"प्रोग्राम न्हाई सर, गुरुजी. पोरगं शाळेत घालताना तारीख कुणाच्या ध्यानात असते? गुरुजी एक जून टाकून मोकळे."

"सगळ्यांची?"

"माझी पण. रऊफभाईंची पण. आमचं अर्धं ऑफिस मेअखेर एकदमच रिटायर होतं सर. हार ठोकात घेतो!"

*

काळे सरांचा एक नियम असा की, जावक क्रमांक पडल्याशिवाय एकही आकडा ऑफिसबाहेर जायचा नाही. वेबपानाला जावक क्रमांक कुठून आणायचा? पण ऐकेनात. शेवटी मी सोय केली. अहवालाचं पान उघडलं की क्रमांक आपोआप पडणार.

सर खूश. पान उघडलं, क्रमांक बघितला. बंद केलं, परत उघडलं, पुढचा क्रमांक. परत बंद, परत उघडलं! जेवणाच्या सुटीआधी जावकचा कारकून रडकुंडीला येऊन माझ्याकडे.

मी आत गेले आणि म्हटलं, "सर, वर्षभराचं टपाल तुम्ही सकाळीच रवाना केलंत. आता आम्ही दिवाळीपर्यंत बसून राहू का?"

*

आता मुळावर येते.

कुणी कॉलेज सोडलं की विभागानं कारण भरायचं. पानावर कारणांची यादी होती, त्यातलं एक निवडायचं. पहिलं कुठलं ठेवू, म्हणून विचारलं तर जाधव सर म्हणाले, "लग्न ठेवा. मुलींचं दुसरं काय असतं?"

ठेवलं. अहवाल आला. सोडून गेलेल्या झाडून सगळ्यांचं कारण लग्न. मुलींचं लग्न, मुलांचं लग्न, आणि एका निवृत्त जवानानं बी.ए.ला नाव घातलेलं, नातवंडं खेळवणारा माणूस, त्याचंही लग्न! प्राध्यापकांनी यादी उघडलीच नव्हती. वर जे दिसत होतं तेच ठेवून बटन दाबलं होतं.

मी यादी काढून टाकली. जागा रिकामी ठेवली आणि ठरवलं, दाखला न्यायला येईल त्यानं माझ्यासमोर बसून स्वतः कारण लिहायचं.

पहिलीच आली धावड्याची संगीता. दुसऱ्या वर्षाला, भूगोल, वर्गात पहिली. मी विचारलं, "लग्न ठरलं का गं?"

"न्हाई मॅडम. प्रॅक्टिकल पाचला सुटतं, आमची गाडी साडेतीनला जाते. दादा म्हणले, सातच्या गाडीनं अंधारात यायचं असंल तर घरीच राह्य."

"मंग लग्नाचं काय?"

"घरी बसल्यावर होईलच की मॅडम!"

तिच्यामागून पिंपळगाव रेणुकाईच्या आल्या, हसनाबादच्या आल्या. कारण तेच, गाडीची अडचण तीच. संगीताला मी सांगितलं, "प्रिंटर बिघडलाय. दाखला पुढच्या आठवड्यात." प्रिंटर ठणठणीत होता!

पोरींची कारणं आणि गाड्यांच्या वेळा एका पानावर मांडल्या आणि जाऊन काळे सरांना म्हटलं, प्रॅक्टिकल सकाळी आठला घ्या, पोरी राहतील. सरांनी जाधव सरांना बोलावलं. जाधव सर औरंगाबादहून अप-डाऊन करायचे. आणि तिथूनच ते भांडण लागलं, ज्यात मी खुर्ची धरून बसले होते.

*

"बाई, समितीला जुनाच अहवाल दाखवू," काळे सर म्हणाले. "लग्नाला कॉलेज काय करणार? आपल्यावर ठपका येत नाही."

"ठपका येत न्हाई सर, पण पोरी जातात त्याचं काय?"

"आठला प्रॅक्टिकल अशक्य आहे," जाधव सर दारातून म्हणाले. "विद्यार्थी येत नाहीत सकाळी."

"धावड्याची पहिली गाडी साडेसातला येते. पोरी फाटकाबाहेर उभ्या राहतात, कुलूप उघडायची वाट बघत. विचारा रऊफभाईंना!"

बाहेरून रऊफभाईंचा आवाज आला, "बराबर आहे, साहेब!"

"शैक्षणिक गोष्टीत ऑफिसनं पडू नये," जाधव सर तापले. "मुली पोटतिडकीनं शिकत नाहीत, हे खरं कारण आहे. शिकणाऱ्याला गाडीची अडचण येत नसते!"

काळे सर माझ्याकडे बघत होते. मी माऊस हातात घेतला.

"जाधव सर, पोरींच्या गाडीच्या वेळेशेजारी मी एक नवी चौकट घातलीय, त्यात तुमची गाडी रोज किती वाजता पोचते ते आहे, समितीपुढं तीच उघडू का?"