चंदनाच्या हारातला शिपाई

शेजारच्या आजी गेल्या त्या दिवशी त्यांच्या वडिलांचा फोटो माझ्या पर्समध्ये होता आणि तो मी बाहेर काढला नाही. हे आधीच सांगून टाकते, नंतर माझा धीर व्हायचा नाही.

आम्ही आयर्लंडमध्ये, नावन गावात राहतो. आई गेली त्या वर्षी बाबांना साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी घेऊन आले. बाबांचं इंग्रजी यथातथाच, आणि आजींचे आयरिश हेल मलाही निम्मे कळायचे नाहीत. तरी रोज अकराच्या चहाला दोघांचं झकास जमायचं. आजी नव्वदीच्या, एकट्या. मुलगा दुसऱ्या गावी, किलकेनीला.

एक दिवस त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटातून, टेबलक्लॉथच्या घडीखालून, एक फोटो काढला. गणवेशातला कोवळा पोरगा, टोपी जरा मोठीच. ते त्यांचे वडील. शेतकऱ्याघरचा मुलगा, पगार मिळतो म्हणून इंग्रजांच्या पोलिसात गेलेला. मग बंड पेटलं, चौक्या जळल्या, आणि इंग्रजांनी एक दिवस झेंडा उतरवून घडी घातली. इंग्रज अंमलदार बोटीने गेले. हा मागे राहिला. धमकीची चिठ्ठी आली म्हणून काही वर्षं परमुलखात काढली, मग परत येऊन लग्न केलं. त्याने कुणावर कधी गोळी झाडली की नाही, हे आजींनाही ठाऊक नव्हतं. दुकानात मात्र सगळ्यांचं झाल्यावर त्याला विचारायचे.

"वडील गेले तेव्हा शेजारचं कुणी खांद्याला आलं नाही," आजी म्हणाल्या. "पेटी उचलली ती पैसे देऊन आणलेल्या माणसांनी. मी लहान होते, मागून चालत होते. आता माझ्या वेळेला सगळा गाव घरी येईल. तेव्हा ते खोलीत असावेत, एवढंच वाटतं."

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आगं, खांदा दिला न्हाई कुनी. मानूस वाईट आसंल न्हाईतर बरा आसंल, पर खांदा?"

माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, बेचाळीसला साताऱ्यात इंग्रजांचेच शिपाई होते. त्यांनी गावच्या पोरांवर काठी चालवली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पण आमच्याकडे टोपीवरचा बिल्ला बदलला आणि नोकरी चालू राहिली. त्यांचा फोटो दारासमोर लागला, दसऱ्याला फुलं मिळाली. शाळेत आम्ही 'इंग्रज गेले' हे एका वाक्यात शिकलो. जाणारे आपलं सामान बांधून जातात. त्यांचा गणवेश ज्याने घातला तो त्याच गल्लीत राहतो आणि त्याची पोरंही तिथेच वाढतात, हे मला कुणी शिकवलं नाही.

पुढे आजी पडल्या, दवाखान्यात गेल्या. मांजराला खायला घालायला किल्ली आमच्याकडे होती. तो फोटो हाती देऊन त्याची मोठी प्रत काढायला त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. ती मी काढली आणि बाबांनी फ्रेम करून आणली. आईच्या फोटोसाठी आणलेल्या चंदनाच्या दोन हारांतला एक त्यांनी त्यावर चढवला आणि आजींच्या पुढच्या खोलीत, दार उघडलं की समोर दिसेल असा तो लावला. घरातलं गेलेलं माणूस दारासमोर असायचं, ही आमची रीत. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट मीच खिळा ठोकला. आजींनी 'खोलीत' म्हटलं होतं, ते त्यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

मुलगा आजींना घेऊन आला आणि दारातच थांबला. मग आत जाऊन त्याने शांतपणे फ्रेम उतरवली. "तुमचा हेतू चांगला आहे," तो मला म्हणाला. "पण माझ्या बायकोच्या आजोबांना याच पोलिसांनी घरातून ओढून नेलं होतं. ती या घरात येते." त्याचंही खोटं नव्हतं. आजी खुर्चीत बसून "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत राहिल्या. फ्रेम आमच्याकडे परत आली. आम्ही तो भिंतीवर लावला नसता, तर तो फोटो निदान त्या घरात तरी राहिला असता.

तीन आठवड्यांत आजी गेल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे पुढच्याच खोलीत त्यांना ठेवलं होतं. सगळी गल्ली रांगेत, आत चहा आणि सँडविच. आजींनी दिलेला मूळ फोटो, तळहाताएवढा, मी पर्समध्ये नेला होता. त्यांच्या हाताशी हळूच सरकवायचा, एवढंच करायचं होतं. मी पेटीपाशी पोचले. समोर मुलगा, शेजारी त्याची बायको, डोळे सुजलेले. मनात आलं, आपण इथे पाहुणे, आपल्याला काय अधिकार? मी हात जोडले आणि पुढे सरकले. भित्री मेली मी.

बाबांनी मात्र बाहेर पेटीला खांदा दिला. उंची जुळेना, तरी दिला.

बाबांच्या परतीच्या आठवड्यात मुलगा किल्ली न्यायला आला. आमच्या भिंतीवर, आईच्या शेजारी, हारातला शिपाई. तो अगदी जवळ जाऊन बघत राहिला. शिपायाचे कान सेम त्याच्यासारखे. बाबांनी फ्रेम उतरवून दोन्ही हातांनी पुढे धरली. मी तो छोटा फोटोही आणला. त्याने हात पुढे केला, मग तसाच मागे घेऊन खिशात घातला.

"राहू दे," तो म्हणाला. "इथेच बरे आहेत ते."

विमानतळावर बाबा आत जाता जाता वळले. "आगं, त्यो मानूस गेल्याचा दिस कवा आसतो, तेवढं इचारून ठेव. तुझ्या आईच्या संगं त्येलाबी फूल व्हात जा."

मी हो म्हटलं. पण विचारणार कुणाला? ते सांगू शकणारी एकच बाई होती.