शिकेकाईचा शेवटचा डबा

मागच्या दिवाळीला आम्ही काहीच केलं नाही. बायको जाऊन चारच महिने झाले होते. यंदा वर्षश्राद्ध झालं, म्हणून रीडिंग गावाहून लेक आली नि म्हणाली, "बाबा, आईसारखी आंघोळ करायची."

बायको तमिळ. आमच्याकडे उटणं, तिच्याकडे तेल. तिळाच्या तेलात मिरे, ओवा नि विड्याचं पान टाकून तापवायची, पाटावर बसवून डोक्यात जिरवायची, मग शिकेकाईची पूड. तेल आपलं आपण लावायचं नाही, घरातल्या मोठ्याने लावायचं, हा तिचा नियम. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लोकांना आम्ही सांगत नसू. पण घरात मोठी तीच, म्हणून जन्मभर मी निमूट पाटावर बसलो.

पूड ती घरीच दळायची. कशाकशाची, कधी विचारलं नाही. हाउन्सलोच्या इंडियन दुकानातून पिशव्या उचलून आणायचो नि कुरकुरायचो, की आंघोळ झाली की टबाचं भोक तुंबतं. आता डब्यात एका आंघोळीपुरती उरली होती. ती संपवायची नाही, असं मी ठरवलं होतं. लेकीला बोललो नाही.

पहाटे तेल तापवलं. मिरे तडतडले, धूर झाला नि स्मोक अलार्म बोंबलला. बायको आधी त्याला शॉवर कॅप घालायची, ते मी विसरलो. लेक धावत खाली आली नि टॉवेलने वारा घालत म्हणाली, "सगळी गल्ली उठवलीत. बसा पाटावर."

"लहानांनी मोठ्यांना तेल लावायचं नसतं."

"मग कोण लावणार? आई येणारे का वरून?"

जीभ आईचीच. मी बसलो नाही, तिलाच बसवलं. चाळिशीची बाई, केसांत पांढरं दिसायला लागलंय. विमानतळावरच्या नोकरीत सामान उचलून माझे हात राठ झालेले. तेल कानात गेलं, तशी ओरडली.

मग डबा मागितला.

"शाम्पू लाव."

"शाम्पूने हे तेल निघतं का? द्या."

"संपेल ती."

तिने माझ्या हातातलाच डबा उघडून वास घेतला, चमचाभर पूड कागदात बांधली. म्हणाली, "यात मूग आहेत, वाळा आहे. बाकीचं दुकानात हुंगून शोधू. पिशव्या तुम्हीच आणायचात ना?"

मी डबा दिला.

टबाचं भोक तुंबलंच. गुडघे टेकून गाळ मीच काढला. शनिवारी ती पुडी घेऊन दुकानात जायचंय. कंटाळा येतो, पण जाईन.

माझं डोकं यंदा कोरडंच राहिलं. माझ्याहून मोठं घरात कोणी नाही.