अक्काने भरलेली ओटी

अक्का गेल्याचं मला धरमपुरीहून आलेल्या एका गाडीवानाने देवासच्या बाजारात सांगितलं. "भिया, तमारी बेन चली गी," एवढंच बोलून तो बैल सोडायला लागला. मी तिथेच एका पोत्यावर बसलो. माझी थोरली बहीण, आईमागे मला तिनेच वाढवलं... महिना झाला, पण माझा राग उतरत नाही. उतरावा अशी इच्छाही नाही.

एका गावात दोन राजांचे दोन दरबार सांभाळणाऱ्या आम्हा देवासकरांना कुठल्या रीतीचं नवल वाटू नये. पण गेल्या चैत्रात धरमपुरीला गेलो, तेव्हा वाटलं होतं. तिथली घाटगल्ली नर्मदेला अगदी लागून, आणि अक्काचं सासरचं घर गल्लीतलं सगळ्यात जुनं. तिने ते मला हौसेने फिरून दाखवलं. ओसरीच्या भिंतीवर कुंकवाच्या आडव्या रेघा होत्या, ज्या त्या पुराचं पाणी जिथवर चढलं तिथवर. पाणी उंबऱ्याशी आलं की नर्मदामैया माहेरी आली म्हणायचं, या घरच्या सवाष्णीने खणानारळाने तिची ओटी भरायची, आणि मगच सगळ्या गल्लीने टेकडीवरच्या देवळात जायचं. त्याआधी पाऊल उचलणं म्हणजे दारी आलेल्या लेकीकडे पाठ फिरवणं.

"आणि तू तेव्हा कुठे असतेस?" मी विचारलं.

अंगावरचं तांबडं आलवण सारखं करत ती हसली. "मी स्वयंपाकघरात. विधवेचं तोंड माहेरवाशिणीने कशाला बघायचं?"

यंदा श्रावणात मैया आली तेव्हा दीर-जाऊ नातवाच्या बारशाहून परतत होते आणि त्यांची गाडी वाटेत नाल्यापाशी अडकली होती. घरात सवाष्ण नाही. गल्ली पोरंबाळं काखोटीला मारून जाऊबाईंची वाट बघत उभी राहिली. पाणी ओसरीवर चढलं तरी कोणी हलेना. अक्काने आतून हाका मारल्या, हात जोडले. शेवटी ती बाहेर आली, देव्हाऱ्यापाशी ठेवलेला खण-नारळ उचलला, सगळ्यांदेखत मैयाची ओटी भरली आणि ओरडली, "झाली ओटी! चला आता वर!"

तेव्हा माणसं चढली. उजाडेपर्यंत गल्ली बुडाली होती. ते जुनं घर तर पायापासून गेलं. माणूस मात्र एकही गेलं नाही.

पाणी उतरल्यावर लोकांना आठवलं, ओटी कोणी भरली ते. मी तिला आणायला गेलो तेव्हा ती धर्मशाळेच्या पडवीत एकटी बसलेली होती. दिरांनी दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं, पण तिला त्यात जागा नव्हती. समोरून पाण्याला निघालेली एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "रांड को हात लग्यो, मैया रूठी गी." तिच्या कडेवर मूल होतं.

"अक्का, देवासला चल," मी म्हणालो.

"आत्ता गेले तर म्हणतील, पाप लपवायला पळाली."

"म्हणू देत की! या कृतघ्नांसाठी तू..."

"अरे, मी भरली नसती तर ते हलले नसते." मग हळूच म्हणाली, "मैयाला खरंच राग आला असेल का रे?"

गल्लीचं बोलणं तिच्या आत पोचलं होतं. मी नाही नाही म्हणत राहिलो, पण तिने मान वळवली, आणि मला रिकाम्या हाती देवासला परतावं लागलं. पुढे पंधरवड्यातच त्या पडवीत तिला ताप भरला. शेवटी तिला पाणी कोणी दिलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तेराव्याचं बोलावणं मी स्वतः घाटगल्लीत घरोघर केलं. पडक्या भिंतींवर गवताची छपरं घालून लोकांनी चुली पेटवल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. धर्मशाळेत पानं मांडली, वाढलीसुद्धा... कोणी आलं नाही. मी एकटाच पंगतीच्या टोकाला बसून होतो. पानांवरचा भात निवेपर्यंत खालच्या गल्लीतून बायकांची भांडणं, म्हाताऱ्यांचे खोकले, पोरांचा दंगा ऐकू येत होता. त्यातला एकही आवाज कमी झालेला नव्हता.