भिंतीवरचा काताकाना

आमच्या जपानीच्या क्लासात शब्द कमी आणि किस्सेच जास्त साठतात. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या दुकानावर, माडीवर हा क्लास भरतो. मला अजून जपानीत धड चहा मागता येत नाही, पण सांगायला गोष्टी ढीगभर! आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींत तो बसवराज आहे. मला तो अजिबात आवडत नाही. म्हणजे पोरगा चांगला आहे. तेच तर!

आधी माझं सांगतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. परदेशी नावं, बाहेरून आलेले शब्द लिहायला जपानीत वेगळी अक्षरं आहेत, काताकाना म्हणतात त्यांना. मॅडमनी ती शिकवायला घेतली तेव्हा मी फुल साइज ड्रॉइंग शीटवर ब्रशनं अख्खा तक्ता रंगवला. मॅडमनी तो फळ्याशेजारी खिळ्याला अडकवला. "सर, काय हात आहे तुमचा!" म्हणाल्या. त्यानंतर मी क्लासला लवकर जाऊन नुसता भिंतीकडे बघत बसायचो.

मग आला बसवराज. दुधनीचा, घरची अडत, हा मात्र कॉम्प्युटरवाला. त्यानं मोबाइलवर उघडणारा तक्ता केला. ज्याला जसा पाहिजे तसा! अक्षरं मोठी करा, रंग बदला, उच्चार मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, उर्दूत दाखवा, नको ते झाका, हवं तर प्रिंट काढा. सगळा क्लास त्याच्या बाकाभोवती आणि मी एकटा माझ्या तक्त्याखाली. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

*

मोडनिंबचे तात्या आमच्यात सगळ्यात मोठे. मुलगा जपानला नोकरीला, त्याच्याकडे जायचं म्हणून शिकतात. एके दिवशी आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, माजा काताकाना पाट झाला!"

"सगळा?"

तात्यांनी मोबाइल पुढं केला. तक्त्यावर जेमतेम एक ओळ उरलेली.

"तात्या, बाकीची अक्षरं कुठं गेली?"

"जी येत न्हाईत ती झाकली की! लई सोपं केलंय पोरानं!"

सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. "बघा मॅडम, असल्या सोयीनं हे असं होतं!"

तात्या शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या तक्त्यातलं मला एकबी येत नव्हतं. हितं पाच-सा तरी येत्यात."

*

शबानाला उर्दू वाचायची सवय. तिनं बसवराजचा तक्ता उजवीकडून डावीकडं लावून घेतला. मला वाटलं, आता मॅडम चिडणार. मी मुद्दाम दाखवलं, "मॅडम, हिनं उलटा केला!"

मॅडम खूष! "अगं, जपानमध्ये जुना तक्ता असाच उजवीकडून लावतात!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शबाना मला म्हणाली, "सर, तुम भी उलटा लगाओ ना."

माझा तक्ता उलटा लावला तर मागचा कोरा कागद दिसणार होता!

*

मग मी त्याच्या तक्त्यात चूक शोधायला बसलो. चष्मा पुसून, पुन्हा पुन्हा. आणि सापडली! भर क्लासात उभा राहिलो. "मॅडम, 'शि' आणि 'त्सु' दिसायला सारखीच ना? याच्यात बघा किती फरक दिसतोय!"

मॅडमनी आधी मोबाइल बघितला, मग भिंत. "सर, त्याचं बरोबर आहे. फरक असतोच. तुमच्याकडे दोन्ही जुळे झालेत."

बसवराज हळूच म्हणाला, "सर, सिट्टू करू नका की ओ." कन्नडमध्ये सिट्टू म्हणजे राग. मी म्हणालो, "मला कुठं राग आलाय!" आणि हे इतक्या जोरात म्हणालो की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं.

*

घरीही सुख नाही. एका सकाळी दूध काढायला गेलो तर फ्रिजवर गुलाबी काताकाना! आमच्या हिनं माझ्याच मोबाइलवरून बसवराजचा तक्ता आपल्या आवडीच्या रंगात छापून चिकटवला होता.

"मी मेलोय का?" मी विचारलं.

"तुमचा फ्रिजवर मावत न्हाई की ओ!"

*

दिवाळीच्या आधी दुकानमालकानं भिंत रंगवून घेतली. बसवराजनंही आपला तक्ता मोठा छापून आणला. आता खिळा एकच आणि तक्ते दोन.

मॅडम म्हणाल्या, "शाळेतल्यासारखं करू. माना खाली, डोळे मिटा. मी नाव घेईन तसा हात वर करा. क्लासातल्या प्रत्येकानं एकदा."

आम्ही मोठी माणसं बाकावर डोकं ठेवून बसलो. दोन्ही नावं झाली.

"उघडा डोळे. सरांच्या तक्त्याला एक हात. बाकी सगळे बसवराजच्या."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. तात्या मांडी थोपटत म्हणाले, "सर, सोताच सोताला व्हय!" हसून हसून क्लास आडवा. मीही हसलो. माझा तक्ता गुंडाळून काखेत मारला.

खाली टपरीवर बसवराज माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. चहाचा कप हातात तसाच.

"सर, तो एक हात माझा होता ओ. तुमच्या ब्रशसारखं माझ्या तक्त्यात येत न्हाई."

मी दोघांच्या चहाचे पैसे दिले. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मग सर... तुमचा हात?"

"चहा पी," मी म्हणालो, "गार होतोय."