भावोजींची विनाअपघात सेवा

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या भावोजींइतका शिस्तीचा चालक जगात दुसरा झाला नसेल. आणि झाला असलाच, तर तो संगणकावर बस चालवत नसेल. भावोजी एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर वरोरच्या घरी बसून ते ओटीवरून येणाऱ्याजाणाऱ्या रिक्षावाल्यांना हाताने ‘हळू’ म्हणून खुणा करू लागले, तेव्हा त्यांच्या लेकीने, माझ्या भाचीने, नोकरीसाठी पुण्याला जाताना आपला जुना संगणक त्यांच्यासाठी ठेवला आणि त्यावर बस चालवायचा खेळ लावून दिला. प्रवासी घ्यायचे, घाट चढायचा, वेळेत पोचायचं, एवढाच खेळ. बाबा जरा सुसाट सुटतील, मन मोकळं होईल, अशी तिची कल्पना. बाबा सुटायचे कसले! अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते संगणकापुढे बसत आणि पडद्यावरच्या बसला उदबत्ती ओवाळल्याशिवाय बटणाला हात लावत नसत. थांब्यावर चिटपाखरू नसलं तरी गाडी थांबायचीच. ‘अहो, कुणी नाहीये,’ असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, ‘धावत येत असेल कुणीतरी. दम काढा जरा.’ खेळात पाऊस लागला की वेग निम्म्यावर. आणि गाडी चालू असताना चालकाशी बोलायचं नाही, हा नियम ताईलाही लागू. भात लावू का, एवढं विचारायला ती बिचारी पुढच्या थांब्याची वाट बघत दारात उभी राहायची. फोन आला तर ताई गंभीरपणे सांगायची, ‘ते गाडीवर आहेत. तासाभराने करा.’ एकदा दारात सिलिंडरवाला ओरडत होता, तर भावोजींनी आधी इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, मग ते उठले. तोवर सिलिंडरवाला पुढच्या गल्लीत गेला होता.

अशा माणसाच्या हातून अपघात होणं म्हणजे काय, हे मला ताईच्या फोनवरून कळलं. ‘अरे, तुझ्या भावोजींच्या हातून अपघात झालाय. जेवले नाहीत. लवकर ये.’ मी डहाणूच्या कार्यालयातलं काम तसंच टाकून रिक्षाने वरोर गाठलं. भावोजी कपाळाला हात लावून बसलेले आणि पडद्यावर बस दरीत आडवी. घाटातल्या वळणावर चित्र एकदम गोठलं होतं, आणि हललं तेव्हा रस्ता संपलेला होता. मला हसू फुटणार इतक्यात भावोजी म्हणाले, ‘माणसं होती हो आत.’

मी कार्यालयात संगणकावर काम करतो, त्यामुळे नात्यागोत्यात संगणकाचा वैद्य मीच. मी नाडी पाहिली आणि म्हणालो, ‘भावोजी, चूक तुमची नाही. पडद्यावरची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. घाटात झाडं, दऱ्या, सावल्या खूप. सगळं काढता काढता ते दमतं.’

‘म्हणजे गाडीत दोष?’

‘गाडीतच.’

‘मग दुरुस्त होईतो रस्त्यावर काढायची नाही.’ त्यांनी संगणकावर चादर घातली आणि मग कुठे ते दोन घास जेवले.

दुरुस्ती पेन्शनीत बसणारी हवी होती. डहाणूतल्या एका दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. दुकानदार गुजराती शेठ, प्रेमळ. त्यांनी सगळ्यात आधी तीन पंख्यांचं, रंगीत दिवे लागणारं कार्ड काढलं. ‘काका, आ लई जाओ. मस्त चालशे, एकदम माखन!’ भावोजींनी ते हातात तोललं. ‘दिवे कशाला? गणपतीत लावायचंय?’ मग शेठनी हळूच सांगितलं, की याला पॉवर सप्लाय मोठा लागेल, आणि लांबीमुळे संगणकाचं कॅबिनेटही बदलावं लागेल. भावोजींनी कार्ड परत ठेवलं. ‘इंजिनासाठी चेसिस बदलायची? नको.’ स्वस्तातलं होतं ते मीच नको म्हटलं. त्यात आणि जुन्यात खरं तर वेष्टणाचाच फरक होता. भावोजींनी शेठना विचारलं, ‘हे घाटात टिकेल का? खरं सांगा.’ शेठनी माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि मान हलवली. ‘ना काका. सपाटीवर चालेल.’ या खरेपणावर भावोजी इतके खूश झाले, की त्यांनी तिथून एक माऊस घेतला. घरी दोन होते.

असे काही महिने गेले. चादर तशीच. मी जरा कंटाळलो होतो, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी एका खेळासाठी किती फिरायचं! एकदा ताईला तसं म्हणालोही. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण आवाज खाली आला. ‘त्यांची शेवटची फेरी झालीच नाही रे. बाकीच्या चालकांची गाडी सजवतात, हार घालतात, पेढे वाटतात. यांची नजर तपासणीत कमी निघाली. दुपारी डेपोत सांगितलं, उद्यापासून गाडीवर नाही. निवृत्त होईपर्यंत आतलंच काम केलं. त्या दिवशी घरी आले, खाकी शर्ट स्वतःच्या हाताने धुतला आणि वाळत घातला.’

त्यानंतर मी कार्ड मनापासून शोधायला लागलो.

तलासरीत माझ्या ओळखीचे एक फोटो स्टुडिओवाले होते. त्यांनी नवं कार्ड घेतलं होतं आणि जुनं विकायचं होतं. मधल्या ताकदीचं, आहे त्या पॉवर सप्लायवर चालणारं, आहे त्या कॅबिनेटमध्ये बसणारं. भावोजींची अट एकच: आपल्याच गाडीत घालून बघायचं. म्हणून आम्ही कॅबिनेट चादरीत बांधून एसटीने निघालो. कंडक्टर ओळखीचा निघाला. ‘काका, तुमच्याकडून सामानाचे पैसे घेऊ?’ भावोजी म्हणाले, ‘फाड तिकीट.’ आणि मग चालकामागच्या सीटवर ते कॅबिनेट मांडीवर घेऊन बसले. गतिरोधक दिसला, की चालकाआधी यांचा उजवा पाय दाबला जायचा. रस्ताभर दोघांनी मिळून गाडी नेली.

स्टुडिओवाल्यांनी कार्ड पुढे केलं. भावोजींनी वास घेतला, पंखा बोटाने फिरवला, फुंकर मारली. ‘किती हात फिरलेत?’

‘माझाच एक. लग्नांचे व्हिडिओ केले याच्यावर, दुसरं काही नाही.’

‘म्हणजे शुभकार्यातलं आहे.’ भावोजींचा चेहरा सैल झाला.

कार्ड बसवलं, खेळ सुरू केला. पण स्वतः बसेनात. ‘मेव्हणे, तुम्ही चालवा. मी बघतो.’ मी चालवत राहिलो आणि ते माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे. ते घाटातलं वळण आलं. झाडं आली, दरी आली, सावल्या आल्या, आणि गाडी लोण्यासारखी वळली. मी आनंदाने मागे वळून पाहिलं, तर भावोजींनी डोळे गच्च मिटलेले. ‘गेलं?’ त्यांनी विचारलं. ‘गेलं,’ मी म्हणालो. ‘मग पुढे बघा. मागे काय बघताय!’

परतल्यावर मी रात्री वरोरलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः बसले. अंघोळ, शर्ट, उदबत्ती सगळं झालं. मग ताई आत आली. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्या गाडीत कधीच बसली नव्हती. घरचं माणूस मागे असलं की लक्ष मागे राहतं, असं ते म्हणत. तिने अंगणातल्या अबोलीचा गजरा मॉनिटरला अडकवला, स्टूल ओढलं आणि त्यांच्यामागे बसली. भावोजी गजऱ्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी गाडी काढली. सगळे थांबे घेतले. घाट उतरला. शेवटच्या थांब्यावर प्रवासी एकेक करून उतरून गेले. भावोजींनी इंजिन बंद केलं.

‘अहो, मी उतरू?’ ताईने विचारलं.

‘बस जरा,’ ते मागे न बघता म्हणाले. ‘तुला कुठे जायची घाई आहे?’

मी चहा ठेवायला आत गेलो.

त्यानंतर ती गाडी काही वर्षं चालली. एकही अपघात नाही. मग भावोजींना पडद्यावरचे थांब्यांचे फलक नीट दिसेनात. आम्हाला कुणालाच ते तेव्हा ठाऊक नव्हतं. एका सकाळी त्यांनी कीबोर्ड फडक्याने पुसला, वायरी गुंडाळल्या आणि ताईला म्हणाले, ‘उद्यापासून मी गाडीवर नाही.’ या खेपेला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपणहून उतरले होते. मी पुढच्या वेळी गेलो, तेव्हा ओटीवर दुपारचे निवांत पाय पसरून बसले होते. मला म्हणाले, ‘या मेव्हणे, बसा. आज बोलायला हरकत नाही.’