तोंड मिटलेला फोटो

चंद्रहास टिपणीस मस्कतच्या एका इंग्रजी दैनिकात परदेशी बातम्यांचं पान लावत. बातम्या लिहिणारे वेगळे, मथळे देणारे वेगळे. टिपणिसांचं काम चौकटी जुळवायचं आणि एजन्सीकडून येणाऱ्या ढीगभर फोटोंतून एक-दोन निवडायचं. तेवीस वर्षं हेच. संपादक आले-गेले, टिपणिसांची खुर्ची तीच राहिली, आणि हे पान आपलं आहे असं म्हणायचा हक्क त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता.

राहायला मस्कतजवळ सीबला, जुन्या सूकच्या म्हणजे बाजाराच्या मागे, दोन खोल्यांत. बायको किशोरी मुलाला पुण्याच्या कॉलेजात घालायला म्हणून गेली ती तिकडेच राहिली. भांडण नाही, काडीमोड नाही, फक्त परत येणं राहून गेलं. "तिला इथली हवा मानवत नाही," असं टिपणीस सगळ्यांना सांगत. आधीची दहा-अकरा वर्षं हीच हवा तिला छान मानवली होती, पण ते कोण काढतो.

मुलगा निशांत पुढे अमेरिकेत गेला. ओहायोतल्या एका छोट्या गावात राही आणि जवळच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मस्कतला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं लागत नसे, म्हणून तो साधा फोन करी. दर शुक्रवारी दुपारी चारला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, कामावर जाताना गाडीतून. पंचवीस मिनिटं. त्या दिवशी टिपणिसांना सुट्टी असे आणि ते तीन वाजताच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. फोनवर दाढी दिसत नाही हे त्यांनाही कळत होतं. पण अख्ख्या आठवड्यात कामाशिवाय त्यांच्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं. हा फोन बंद झाला तर आपल्यापाशी काही उरत नाही, हे ते मनातल्या मनात स्वच्छ ओळखून होते.

सोळा साली तिकडे निवडणूक आली. राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराबद्दल जगात दोनच मतं होती आणि दोन्ही ओरडून सांगितली जात. टिपणिसांना तो गृहस्थ मनापासून नावडला. बरं, नावडो. पण नावडण्याचं काम त्यांनी पानावर आणलं. विरोधातल्या बाईंचा फोटो हसरा, कुणाचं तरी बाळ उचलून घेतलेला. याचा मात्र तोंड वासलेला, बोट उगारलेला, केस उडालेला. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एजन्सीचं कनेक्शन रेंगाळे म्हणून त्यांनी त्याचे असले निवडक फोटो एका फोल्डरमध्ये साठवले होते. बाकीचे, जागा अडते म्हणून, रोजच्या रोज पुसून टाकत.

पहिल्यांदा हे ध्यानात आलं हुसेनच्या. हुसेन रत्नागिरीकडचा, ऑफिसच्या व्हॅनवर ड्रायव्हर. सीबच्या पलीकडे बरक्याला राही, आणि दुपारी येताना सीबहून टिपणिसांना उचली. वाट बघताना स्टिअरिंगवर पेपर पसरून बसे. एकदा म्हणाला, "साहेब, ह्या मानसाचा तोंड कधीच बंद नसतो काय? जेवतो कसा मग?"

"तो आहेच तसा."

"असेल. पन वरडताना आपला अर्बाब पन तसाच दिसतो," असं म्हणून हुसेनने पेपराची घडी घातली. मालकाला व्हॅनमध्ये नावं ठेवलेली टिपणिसांना आवडली नाहीत.

दुसऱ्यांदा ते निशांतने काढलं. तो वडिलांचं पान रोज इंटरनेटवर बघत असे. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी तो म्हणाला, "बाबा, प्लीज, मी त्याला सपोर्ट करत नाहीये. मला तर व्होटपण नाहीये. पण माझ्या इथे निम्मं गाव त्याच्या बाजूचं आहे. माझा नेबर डेल, सत्तर वर्षांचा आहे. लास्ट विंटरला माझ्या दारातला सगळा स्नो त्याने काढला, मला न सांगता. तो वेडा नाहीये. तुमच्या पानावर ही माणसं कधी दिसतच नाहीत. एकदा तरी तोंड मिटलेला फोटो लावा ना."

"पेपर मला शिकवू नकोस," टिपणीस म्हणाले. "तुलाच उद्या हाकलतील तेव्हा तुझा तो डेल येतो का बघ."

बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं असं सांगायला पुन्हा पुढचा शुक्रवार यावा लागतो, आणि तोवर माणसाला आपलंच बरोबर वाटायला लागतं. त्यांनी जोर धरला. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी तर पंचवीस मिनिटं त्यांनीच मतचाचण्यांचे आकडे वाचून दाखवले. बाई किती पुढे, हा किती मागे. निशांतचा आवाज बसल्यासारखा होता. सर्दी असेल, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर फोन आला नाही. मेसेज आला, बिझी आहे बाबा. ऑक्टोबरचे सगळे शुक्रवार टिपणीस दाढी करून बसले आणि साडेचारला शर्ट काढून खुंटीला लावला. संध्याकाळी सूकमध्ये चक्कर मारायचे, मासळीच्या टोपल्या बघायचे, एकट्यापुरती दोन बांगडे घ्यायचे. विकणारा ओमानी म्हातारा विचारी, "बस, एवढेच?" आणि ते पैसे देऊन चटकन निघत. पानावर त्या उमेदवाराचे फोटो मात्र या महिन्यात आणखी मोठे छापले गेले.

नऊ नोव्हेंबरला दुपारी हुसेन व्हॅनचं दार उघडत म्हणाला, "साहेब, तो जिंकला."

ऑफिसात सगळे पडद्याला डोळे लावून बसले होते. संपादक टिपणिसांच्या खुर्चीपाशी आले. "आता तो राष्ट्राध्यक्ष होणार. जरा बरा फोटो हवा. शांत चेहऱ्याचा. दहा मिनिटांत दाखवा." एजन्सीचं कनेक्शन त्या दिवशी अडलं होतं, सगळं जग एकदमच फोटो मागत असणार. टिपणिसांनी आपला फोल्डर उघडला. एकशे बारा फोटो होते. त्यांनी ते एकामागून एक बघितले. एकशे बारा वेळा तोंड उघडं. सहा महिने हजारो फोटो त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांत हा माणूस पाणी पीत असेल, ऐकत असेल, दमला असेल. ते सगळं त्यांनी स्वतःच्या बोटाने पुसलं होतं. शेवटी बाईंच्या छापून झालेल्या एका फोटोत तो मागे पाठमोरा उभा होता, तेवढाच भाग कापून लावला, आणि संपादक मान हलवून गेले.

टिपणिसांना लाज वाटली. त्या उमेदवाराबद्दलचं मत त्यांचं बदललं नाही, बदलायला हवं असंही नाही. पण घरी परतताना त्यांना दिसलं की निशांतचाही एक फोल्डर आपण डोक्यात ठेवला आहे. उलट उत्तर देणारा निशांत, फोन न करणारा निशांत. तो कुठल्या घरात राहतो, काय रांधून खातो, कुणाबरोबर जेवतो, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. मुलाच्या तिकडच्या आयुष्यातली एकच गोष्ट ते सांगू शकले असते, की डेल नावाच्या शेजाऱ्याने त्याच्या दारातला बर्फ काढला.

शुक्रवारी त्यांनी दाढी केली. तिकडची घड्याळं त्याच आठवड्यात मागे गेली होती, म्हणून पाच वाजेपर्यंत थांबले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतः नंबर लावला.

"बाबा? काय झालं? तब्येत ठीक आहे ना?" निशांत घाबरलाच.

"ठीक आहे. सहज केला." मग पाठ करून ठेवलेला प्रश्न त्यांनी विचारला. "तुझा तो डेल कसा आहे? खूश असेल ना आता?"

पलीकडे गाडीची काच वर केल्याचा आवाज आला.

"डेल गेला बाबा. सप्टेंबरमध्ये. हार्ट अटॅक. मीच त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं." मग निशांत म्हणाला, "मी सांगितलं होतं तुम्हाला. त्याच दिवशी, फोनवर."

"मला?"

"हो. तुम्ही पोल्सचं सांगत होता." त्याच्या आवाजात राग नव्हता. "पोचलो मी. ठेवू?"

"ठेव," टिपणीस म्हणाले.

अंधार पडेपर्यंत ते इस्त्रीच्या शर्टात तसेच बसून राहिले आणि तो सप्टेंबरचा शुक्रवार आठवत राहिले. आपण वाचलेला एकेक आकडा त्यांना आठवला, कुठल्या राज्यात बाई किती टक्क्यांनी पुढे होत्या तेसुद्धा. निशांत काय म्हणाला होता, ते काही केल्या आठवेना.